गाव एक, धनी अनेक: सीमाभागात पूर्वज कसे शोधावेत

दर वर्षी पितृपंधरवड्यात आमच्या घरी म्हाळ असतो. भटजी एकेक नाव विचारतात आणि बाबा सांगत जातात: वडील, आजोबा, पणजोबा. इथवर गाडी सुरळीत. मग बायकांची नावं सुरू होतात. आईचं नाव बाबा लगेच सांगतात आणि आजीच्या नावाशी अडतात. दर वर्षी अडतात. स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारतात, "अक्का, आज्जीचं नाव काय गं?" आतून आत्या म्हणते, "सगळी थोरली म्हणायची तिला. नाव कुणी घेतलंय!" भटजी एक ठरीव नाव घालून विधी पुढं नेतात आणि सगळे कावळ्याची वाट बघायला परड्यात जातात.

तीन पिढ्यांची ही मर्यादा श्राद्धविधीनंच घालून दिलेली आहे. त्यापलीकडचे सगळे आणि ज्यांची तिथी माहीत नाही तेही सर्वपित्री अमावस्येत जमा होतात. त्यामुळं बहुतेक घरांची तोंडपाठ वंशावळ तीन पिढ्यांवर संपते आणि बायकांच्या बाजूला दोनवरच. थोरलीचं नाव शोधायचं म्हणून मी चार वर्षांपूर्वी सुरुवात केली. त्या नादात बेळगाव भागातल्या माणसानं पूर्वज कसे शोधावेत याचं जे काही शहाणपण, बऱ्याचदा चुका करून, पदरात पडलं ते इथं मांडते.

आधी गावाचा धनी शोधा

पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला हे काम त्या मानानं सोपं जातं. आमच्याकडं घर जिथल्या तिथं असतं, पण वरचं राज्य बदलत राहिलेलं असतं. राज्य बदललं की कचेरी बदलते, कचेरीबरोबर भाषा, लिपी आणि दप्तराचा पत्ताही बदलतो. म्हणून पहिला प्रश्न 'माझा खापरपणजा कोण' असा विचारू नये. 'माझं गाव कुठल्या साली कुणाच्या अमलाखाली होतं' असा विचारावा. त्याचं उत्तर मिळालं की कागद कुठं असतील ते निम्मं कळलं.

ढोबळ हिशेब असा. पेशवाई 1818 मध्ये बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांकडं आला. 1836 मध्ये धारवाडातून वेगळा काढून बेळगाव जिल्हा केला, तो मुंबई इलाख्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. 1973 मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि 2014 मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी.

हे झालं खालसा मुलखाचं. मधे मधे संस्थानं होती, आणि खरी गंमत तिथं आहे. आज बेळगाव शहरात रिक्षानं दहा मिनिटांत जाता येतं ते शहापूर सांगली संस्थानात होतं. म्हणजे शहापूरच्या विणकराचा किंवा सराफाचा 1948 पूर्वीचा कागद शोधायचा तर बेळगावच्या कलेक्टर कचेरीच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही, सांगलीच्या दप्तराची चौकशी करायला हवी. रामदुर्ग हे स्वतंत्र संस्थान. तोरगल कोल्हापूरच्या छत्रपतींच्या जहागिरीत. पलीकडं सुपा-हल्याळची गावं कानडा जिल्ह्यात, आणि उत्तर कानडा 1862 पर्यंत चक्क मद्रास इलाख्यात होता.

सगळ्यांत जास्त चकवा देतो तो चंदगड तालुका. 1956 पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला तेव्हा एवढा एक तालुका मागं ठेवला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या निम्म्या घरांच्या सोयरिकी चंदगडात. तेव्हा वडिलांकडचा कागद एका राज्यात आणि आजीच्या माहेरचा दुसऱ्या राज्यात, असा प्रकार आमच्याकडं सर्रास आढळतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तालुक्यांची नावंही बदलली. जुन्या कागदात 'संपगाव तालुका' दिसला तर तो बैलहोंगलचा, 'परसगड' म्हणजे सौंदत्तीचा. हे माहीत नसलं की माणूस नकाशावर संपगाव तालुका शोधत बसतो. मी बसले होते.

घरातून सुरुवात, पण ट्रंकेतून नव्हे

सगळे सांगतात की घरातली जुनी ट्रंक उघडा. उघडा की. पण आमच्या ट्रंकेत विजेची बिलं, एका सोसायटीचे बुडालेले शेअर आणि वाळवीनं खाल्लेली पोथी निघाली. त्यापेक्षा माळ्यावरची भांडी खाली काढा. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालायची आपली जुनी पद्धत आहे. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं, सगळं टिंबा-टिंबांनी कोरलेलं. कागदात ज्या बायका सापडत नाहीत त्या भांड्यांवर सापडतात, कारण भांडी ही त्यांचीच दौलत.

मग माणसं. म्हाताऱ्या माणसाला 'तुमचा जन्म कधीचा' विचारू नये, ती घाबरतात. 'मोठी घटना कुठली आठवते' असं विचारावं. आमचे आजोबा सांगायचे, "टिळकवाडीला काँग्रेस भरली तेव्हा मी दहा वर्षांचा, गांधीजींना बघायला चालत गेलेलो." बेळगावचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर 1924 चं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. म्हणजे आजोबांचा जन्म 1914 च्या आसपासचा. असेच बाकीचे टप्पे: 1876 पासूनचा मोठा दुष्काळ, 1896 नंतर पसरत आलेला प्लेग, ज्यात लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले, 1918 ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, 1956 ची पुनर्रचना, डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. 'भूकंप झाला तेव्हा तुझा काका पाळण्यात होता' हे वाक्य जन्मदाखल्याइतकंच चांगलं. किंबहुना जास्त चांगलं, कारण शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या गावाची जन्मतारीख 1 जून असते. मास्तरांनी शाळेत घालायच्या वेळी सोयीनं टाकलेली तारीख ती! माझे वडील आणि दोन्ही काका, तिघेही 1 जूनचे.

दाखला मात्र टाकाऊ समजू नका. मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचं नाव, जात, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण असतं. 'कामास गेला' एवढे दोन शब्दही बरंच सांगून जातात.

कुलदैवत हा आणखी एक धागा. कुटुंब हललं, आडनाव बदललं, तरी देव सहसा बदलत नाही. खानापूरकडच्या एखाद्या घराचा देव गोव्यातली शांतादुर्गा किंवा म्हाळसा असेल तर ते घर कधीतरी घाट चढून आलेलं असण्याची शक्यता मोठी. देव मंगसुळीचा खंडोबा, सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का की जोतिबा, यावरून दिशा कळते. पण फक्त दिशा. पुरावा म्हणून देव पुढं करू नये. आडनावाचंही तेच. 'कर' लागलेलं आडनाव गाव दाखवतं, पाटील-कुलकर्णी-देसाई-चौगुले ही हुद्द्यांची नावं. गावोगावचे पाटील एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

उताऱ्यातला माणूस

आता मुख्य कागद. आपल्याकडं जमिनीचा कागद हाच सामान्य माणसाचा इतिहास. पंचवीस वर्षांपूर्वी कर्नाटकानं 'भूमी' योजनेत उतारे संगणकावर घेतले, त्यामुळं आजचा उतारा मिनिटभरात मिळतो. पण तो कानडीत असतो आणि त्यात आजचेच मालक. पूर्वज हवे असतील तर त्या उताऱ्यावरचा आर. एस. नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, घ्यायचा, फेरफाराचा नंबर बघायचा आणि तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून मागच्या फेरफारांच्या नकला मागायच्या. एक फेरफार मागच्या फेरफाराचा नंबर सांगतो. शिडीच्या पायऱ्यांसारखं एकेक करून खाली उतरत जायचं. मुंबई इलाख्यात हक्कपत्रकाचा कायदा 1903 चा, म्हणून नशीब असेल तर ही शिडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचते.

कचेरीत काय बोलावं हेही सांगते. 'वंशावळ शोधतोय' म्हटलं की समोरच्याला वाटतं कोर्टाचा वाद आहे. मला एका कचेरीत तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा मी फक्त नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढं केली आणि नक्कल फी भरली. नक्कल मिळाली.

या नकलांत काही खुणा असतात, त्या कळल्या की कागद बोलायला लागतो. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एकाचं दिसतंय, पण मागं भाऊ उभे आहेत. आणि 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस पोरवयाचा आहे, म्हणून कुणी मोठं माणूस त्याच्या वतीनं.

हिश्श्याचे आकडे तर फारच बोलके. जुना हिस्सा आण्यांत मांडत. सबंध जमीन 16 आणे, एका आण्याच्या 12 पै. कुणाच्या नावापुढं 4 आणे असतील तर चार वाटेकरी. 8 आणे असतील तर दोन. आमच्या आजोबांच्या नावापुढं '5 आणे 4 पै' होतं. सोळाला तिनानं भागून बघा. म्हणजे पणजोबा तीन भाऊ. घरात आम्हाला आजवर दोनच शाखा माहीत होत्या.

ज्यांच्या घरात जमीन कुळानं कसलेली होती त्यांनी आणखी एक जागा बघावी. कर्नाटकात 1974 ला कूळकायद्याची दुरुस्ती लागू झाली तेव्हा कुळांनी फॉर्म नंबर सात भरून लँड ट्रिब्युनलपुढं अर्ज केले. त्या फायलींत म्हाताऱ्यांच्या जबान्या आहेत: 'माझ्या बापापासून आम्ही ही जमीन करतो, बाप प्लेगात वारला, चुलता मुंबईला गिरणीत गेला.' घरचा इतिहास याहून सरळ शब्दांत कुणी लिहून ठेवलेला नसतो. वाद निकाली निघाला की ती फाईल कुणी उघडतही नाही.

वतनाच्या घराण्यांचं सोपं असतं. 1874 च्या वतन कायद्यामुळं पाटील, कुलकर्णी यांच्या वारसांची नोंद ठेवावी लागे. महार वतनाचंही तसंच, त्यामुळं ज्या घरांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांची नावं सरकारी दप्तरात मात्र आढळतात. भूमिहीन घरांचं अवघड. तिथं कागदावाचूनच बरंचसं काम करावं लागतं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जनन-मरणाच्या वहीत, त्यांची नोंद असू शकते. त्या वहीत लहान मुलांना बहुधा नावच नसतं. 'मुलगी, बाप अमुक, ताप' एवढंच. अशी पानं एकामागून एक वाचायला लागलात तर मधे उठून चहा घ्या.

दोन लिपींची अडचण

साधारण 1956 नंतरचे कागद कानडीत, त्याआधीचे आमच्या पट्ट्यात बरेचसे मराठीत, आणि मराठी म्हणजे मोडी. आमच्या घरात पणजोबांची सही मोडीत, आजोबांची बाळबोधेत, वडिलांच्या उताऱ्यावरचं नाव कानडीत आणि भाचीची सही इंग्रजीत. चार पिढ्या, चार लिपी, आणि कुणालाही आपल्या बापाचा बाप वाचता येत नाही.

कानडीचा प्रश्न तसा सोपा. घरातलं शाळकरी पोर बसवा, ते धडाधड वाचतं. फक्त नावं कशी फिरतात ते ध्यानात ठेवा. आमच्या गावात यल्लोजी, नागोजी, जोतिबा अशी नावं होती. पुढच्या कागदात तोच यल्लोजी 'यल्लाप्पा' झालेला मला दिसला. कारकुनानं आपल्या कानाला सवयीचं तेच लिहिलं. म्हणून नावावर माणूस ओळखू नका. नाव, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर तिन्ही जुळले तरच हो म्हणा. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं 'यल्लोजी बिन नागोजी' आणि 'नागोजी बिन यल्लोजी' आलटून पालटून येत राहतात. मी एकदा आजा आणि नातू यांना एकच माणूस समजून अख्खी पिढी गिळली होती.

मोडीला मात्र वेळ द्यावा लागतो. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात न उचलता अक्षरं लटकावत जाई. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पण सगळी मोडी शिकायची गरज नसते. मौजे, बिन, कोम, राहणार, तालुके, सन आणि तुमचं आडनाव, एवढे शब्द ओळखता आले की हजार ओळींतली आपली ओळ हाताला लागते. ती ओळ मग जाणकाराकडून वाचून घ्यावी. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना चांगले दिवस आलेत. त्यात घाईघाईनं वाचणारेही आलेत, तेव्हा महत्त्वाची ओळ दोघांना स्वतंत्रपणे दाखवलेली बरी.

तारखांचं कोडं वेगळंच. शालिवाहन शक असेल तर 78 मिळवा, जानेवारीनंतरची तारीख असेल तर 79. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर 590 किंवा 591. आणि पेशवाईतला कागद असेल तर सुहूर सन, ज्याला मृगसाल म्हणत, कारण तो मृग नक्षत्राला बदलतो. तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमानं लिहिलेला असतो, आधी एकम, मग दशक, शतक, हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: 1161. यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढं 600 मिळवायचे. 1161 अधिक 600 म्हणजे 1761 चा जानेवारी, म्हणजे पानिपत. हे एक उदाहरण पाठ केलं की बाकीचं आपोआप जमतं.

इतकी जुनी कागदपत्रं हवी असतील तर पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आणि इनाम कमिशननं गोळा केलेले कागद आहेत, कोल्हापूरच्या पुरालेखागारात तिथल्या दरबाराचे. जाण्याआधी 1884 चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर, खंड एकवीस, बेळगावचा, चाळून जा. तुमचं गाव त्यात असेल तर कुठल्या दप्तराकडं वळायचं ते बऱ्याचदा तिथंच उलगडतं.

हेळवी आले की पळू नका

कागदाबाहेरचा सगळ्यांत मोठा साठा आपल्या दारात चालत येतो आणि आपण त्याला सुपभर जोंधळे घालून वाटेला लावतो. हेळवी. सुगी झाली की वही घेऊन येतात, ओसरीवर बसतात आणि तुमच्या घराण्याची नावं घडाघडा म्हणतात. पूर्वी बैलावर बसून येत. मराठी आणि कानडी, दोन्ही घरांची वंशावळ सांभाळणारी ही जमात, आणि कुठलं घर कुठल्या हेळव्याकडं हे त्यांच्यात वाटून दिलेलं असतं. नव्यानं जन्मलेल्याचं नाव ते वहीत घालून घेतात. पुढच्या वेळी आले की चहा द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि दक्षिणा देताना हात आखडता घेऊ नका.

पण विश्वास किती ठेवायचा? माझं मत असं: वरच्या चार-पाच पिढ्यांबद्दल बराच, त्याआधीच्या चितोड-उदेपूरबद्दल अजिबात नाही. घराणं राजपुतान्यातून आलं असं सांगितलं की यजमान खूश होतो आणि खूश यजमान दक्षिणा जास्त देतो. आणि बायका तिथंही नाहीतच. माझ्या थोरलीचं नाव हेळव्याच्या वहीत नव्हतं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा उपयोग जास्त. घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला तिथं गेलं असेल तर गावाच्या नावानं वही काढून दाखवतात, आणि त्यात सोबत कोण कोण होतं तेही असतं, क्वचित स्वतःच्या अक्षरात.

लष्कराचा मार्ग आमच्या भागात विसरून चालणार नाही. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, आणि पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. कुत-अल-अमारा पडलं ते 29 एप्रिल 1916 ला, तेव्हा वेढ्यात आपलीही माणसं होती. त्या आघाडीवर मेलेल्यांची, ज्यांना कबर मिळाली नाही अशांची, नावं बसरा स्मारकाच्या नोंदवहीत आहेत. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येतात. जादा माहितीच्या रकान्यात जुन्या ब्रिटिश स्पेलिंगनं बेळगाव टाका: बापाचं नाव, गाव, तालुका असं सगळं वर येतं. गावांची स्पेलिंगं मात्र भयंकर, मोठ्यानं वाचून ओळखावी लागतात. आमच्या त्या तिसऱ्या भावासाठी मी तिथं एक अख्खा पावसाळा घालवला. तीन नावं जवळपास जुळली, पण एकाच्याही बापाचं नाव पटेना. काकांनी तरी लग्नाकार्यात 'आमचे चुलत पणजोबा बसऱ्याला गेले' सांगायला सुरुवात केली आहे. अशा रीतीनं वंशावळीत भाकडकथा शिरतात.

थोरली

आता तिच्याबद्दल. नोंदींत बाई तीन-चार ठिकाणीच दिसते: 'कोम' म्हणून, विधवा म्हणून, पोरांची पालनकर्ती म्हणून, आणि बहीण असेल तर भावाच्या नावानं हक्कसोड लिहून देताना. म्हणजे ती दिसते ती बहुतेक काहीतरी हातचं गेलं तेव्हा. आमच्याकडं सौंदत्तीच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार आढळतो. घराला मुलगा नसला की मुलीला यल्लम्मेला सोडत आणि मुलाच्या जागी वारस धरत. वंशावळीत एखादी मुलगी बिनलग्नाची, माहेरच्याच नावानं जमीन धरून असलेली दिसली, तर घरातले गप्प का होतात ते समजून घ्यावं. ही पद्धत कर्नाटकानं 1982 च्या कायद्यानं बंद केली. अशी कुणी सापडली तर तिचं नाव वंशावळीत घालावं, पण गावभर सांगत सुटू नये. तिच्या भाऊबंदांची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहतात.

आमच्या शिडीची खालची पायरी 1919 ची निघाली. मोडीतला फेरफार. शेजारच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी भिंगातून वाचला. खातेदार मयत, मुलगा अज्ञान, वय 4, 'अ. पा. क. आई' आणि पुढं तिचं नाव. 1918 च्या मानमोडीत पणजोबा गेले होते. चार वर्षांच्या पोराच्या वतीनं ती पुढं चौदा-पंधरा वर्षं दोन दिरांच्या मधोमध आपले 5 आणे 4 पै राखून होती. पट्टीच्या पावत्या तिच्या नावानं आहेत, अंगठ्यासकट. नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. त्या वर्षीच्या म्हाळात बाबांनी ते भटजींना सांगितलं. एकदा सांगितलं, आणि भटजींना ऐकू गेलं नसेल म्हणून परत सांगितलं.

आत्याला मात्र ते नाव पटेना. ती उठली आणि माळ्यावरून एक तांब्याची घागर काढून घेऊन आली. तिच्या काठावर निराळंच नाव होतं. लग्नात नाव बदलायची रीत, तेव्हा हे माहेरचं असणार. नावाखाली 'मौजे' आणि एक गाव. ते गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, चंदगड तालुक्यात. आमच्या घरापासून एस.टी.नं दीड तास. तिच्या भावांचे फेरफार, म्हणजे असतील तर, राज्याच्या पलीकडच्या कचेरीत, आणि तिथं बेळगावचा पत्ता दाखवून नक्कल मागायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. भात कापून झालं की जाणार आहे.

घागर आत्या परत माळ्यावर ठेवायला निघाली तेव्हा मी म्हटलं, राहू दे खाली, मी स्वच्छ करून ठेवते. "चिंच लावू नको हं," ती म्हणाली. "आधीच अर्धी अक्षरं आईनं घासून घालवलीत."